लॅपटॉप म्हणाला, ‘काही नाही’

आमच्या घरातल्या पुरुषांना कधीच काही होत नाही. पूर्वज म्हणे दक्खनेतून घोड्यावर बसून इकडे ग्वाल्हेरला आले, पागेत होते, लढाया केल्या. आता घोडे गेले, तलवारी गेल्या, माधवगंजच्या गल्लीत साधी स्कूटर उभी करायला जागा मिळेना झालीय, पण तोरा काही गेला नाही. सासरे तसेच होते, दीर तसेच, आणि आमचे हे तर सगळ्यांच्या वरताण. जन्मभर विजेच्या खात्यात नोकरी केली, खांबावर चढलेल्या माणसाशी खालून बोलायची सवय. त्यामुळे आवाज असा की यांनी नुसतं खाकरलं तरी समोरच्या गच्चीवरची माकडं उठून जायची. आणि त्या एवढ्या थोरल्या आवाजात कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर ठरलेलं, "काही नाही!"

स्कूटर पायावर पडली, अंगठ्याचं नख निघून आलं, पायमोजा लाल झालेला. "अहो, काय झालं?" तर "काही नाही!" सासरे दवाखान्यात होते तेव्हा हे रात्रभर तिथे बसून सकाळी घरी आले. मी दारातच विचारलं, बाबा कसे आहेत? "काही नाही, तू आधी चहा टाक." चहा झाला, कप खाली ठेवला आणि मग म्हणाले, बाबा गेले. मला रडू यायच्या आधी असा राग आला म्हणता! नवऱ्याचे वडील गेलेत आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून नवऱ्याशी भांडतेय.

पुढे यांचा आवाज बसायला लागला. "मौसम बदललाय, काही नाही." मौसम दोनदा बदलून पुन्हा पहिल्यावर आला, तरी आवाज तसाच, चिरका. घास गिळताना मान जराशी वाकडी करायला लागले. मी विचारलं की तेच पालुपद. शेवटी एक दिवस मी जेवणाचं ताट उचलून घेतलं आणि म्हटलं, डॉक्टरकडे चला, नाहीतर आज या घरात कुणीच जेवणार नाही. गेलो. पुढचं सगळं फार भराभर झालं. दिल्लीला ऑपरेशन करायचं ठरलं, आणि त्यात स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. डॉक्टर म्हणाले, जरा लवकर आला असतात तर. मी यांच्याकडे पाहिलं, हे खिडकीकडे बघत होते.

तिथे एक वाचा-उपचार करणारी बाई होती. तिने सुचवलं की ऑपरेशनच्या आधी रोजच्या बोलण्यातली वाक्यं स्वतःच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, पुढे उपयोगी पडतील. घरी येऊन मी वाक्यं काढायला बसले. चहा टाक गं. पाणी दे. औषध झालं का? अगं, ऐकतेस का? कोण आलंय? काही नाही. हे शेवटचं तर घालायलाच हवं होतं, त्याशिवाय हा माणूस पुरा कसा होणार? आणि अगदी खाली मी लिहिलं, दुखतंय.

"हे काट," हे म्हणाले. तेव्हा घोगरा का होईना, आवाज होता आणि त्यातला जोर तसाच होता. "मी कधी असं म्हटलंय?"

"म्हणूनच लिहिलंय."

"मी नाही म्हणणार."

"नका म्हणू. राहू दे तसंच."

खोलीचं दार लावून यांनी एकट्यानेच रेकॉर्डिंग केलं. मी आत आलेली चालणार नव्हती. फाइलींना नावंही यांनीच दिली, माझ्या यादीतलं जे वाक्य तेच फाइलीचं नाव. ऑपरेशननंतर मी त्यातली फक्त पहिली उघडली. "अगं, ऐकतेस का?" ऐकलं आणि फोन उशीवर पालथा ठेवून दिला. पुढची ऐकायची छातीच झाली नाही.

आवाज गेल्यावर घर कसं होतं, ते सांगून कळायचं नाही. गळ्याला एक भोक, त्यातून श्वास. तोंडातून हवासुद्धा येत नाही, मग शब्द कुठला. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं. त्यातून भुंग्यासारखा आवाज निघायचा, तो यांनी एकदाच ऐकला आणि यंत्र कपाटात गेलं. पाटीवर लिहिण्यावर आलो, तर चष्मा सापडायचा नाही आणि चष्मा सापडेपर्यंत यांचा पारा चढायचा. मग टाळी. चहाला टाळी, पाण्याला टाळी, दारावर कोणी आलं तरी टाळी. मी स्वयंपाकघरात असले की एवढंच कळायचं की काहीतरी हवंय. आणि दुखत असेल तर? त्याला टाळीच नव्हती. माझी सगळी भीती तिथे होती. एकदा या ‘काही नाही’ने आम्हाला कुठे नेऊन सोडलं होतं ते मी पाहिलं होतं, आणि आता तर हा माणूस तेवढंही बोलू शकत नव्हता. पुन्हा काही झालं तर मला कळणार कसं?

मुलगा हैदराबादला असतो. तो म्हणाला, "मम्मी, त्याच्यासाठी रेडीमेड ॲप आहे, डाउनलोड कर." केलं. त्यातली बाई स्टेशनवरच्या घोषणेच्या सुरात म्हणाली, "कृपया मला पाणी द्या." आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि दोघं हसत सुटलो. हे बिनआवाजाचे, पोट धरून. हे घर बांधलं तेव्हापासून इथे कुणी कुणाला कृपया म्हटलेलं नाही. मी मुलाला सांगितलं, मला त्यांचाच आवाज हवा. तर म्हणतो, "मग पायथनमध्ये थोडंसं काम आहे, कोणाकडून करवून घे ना." करवून घे म्हणे! मी म्हटलं, माझं मीच करीन. फोन ठेवल्यावर मनात आलं, बाई गं, हे काय बोलून बसले मी.

मी शाळेत संस्कृत शिकवायचे. कॉम्प्युटरशी संबंध म्हणजे निकालपत्रकं भरण्यापुरता. तरी जयेंद्रगंजात झेरॉक्सच्या दुकानावर कॉम्प्युटरच्या त्या पायथन भाषेचा एक क्लास आहे, तिथे नाव घातलं. वर्गात सगळी कॉलेजची मुलं. शिकवणारी मुलगी जेमतेम पंचविशीतली, केस वर बांधलेले, बोलणं मोजकं. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "आंटीजी, किसको छोड़ने आई हैं?" मी म्हटलं, "खुद को." सगळा वर्ग हसला, ती नाही हसली. तिने पहिल्या बाकावरच्या मुलाला मागे बसवलं आणि ती जागा मला दिली.

खरं सांगते, मला वाटलं होतं डोकं उठेल. झालं उलटंच. मी आयुष्यभर मुलांना सूत्रं पाठ करायला लावली, आणि इथे मी चार ओळी लिहायच्या आणि ते यंत्र अगदी त्या चार ओळींबरहुकूम वागायचं, एक अक्षर इकडे नाही की तिकडे नाही. माझी चूकसुद्धा तितक्याच इमानाने करायचं. मी घरी येऊन यांना सांगायची, अहो, एवढं ऐकणारं या घरात दुसरं कोणी नाही बघा. हे हात जोडून दाखवायचे.

मग मेथड शिकले. मेथड म्हणजे काय, तर एक नेमून दिलेलं काम, त्याला नाव असतं. नाव घेऊन हाक मारली की ते काम होतं. मी दोन मेथड लिहायच्या ठरवल्या. पहिलीचं नाव ‘शोध’. यांनी छोटा शब्द टाइप करायचा, ‘चहा’ किंवा ‘पाणी’, आणि तिने नेमकी कुठली रेकॉर्डिंग हवी ते शोधून काढायचं. दुसरी ‘वाजव’. पहिलीने जे शोधून आणलं ते घ्यायचं आणि स्पीकरवर वाजवायचं. आणि हाती काहीच आलं नाही, म्हणजे यांनी भलताच शब्द टाइप केला, तर? तेव्हा मी गंमत केली. काही मिळालं नाही तर यांच्या आवाजातलं ‘काही नाही’ वाजव, असं लिहून टाकलं. खुद्द यांना शोभेल असं उत्तर. माझ्यावर मीच खूश.

क्लासमध्ये एक काळी खिडकी असते, तिथे एकेक ओळ लिहून लगेच काय होतं ते बघता येतं. तिथे मी ‘शोध’ दोन प्रकारे लिहून पाहिली होती. शेवटच्या ओळीत एकदा ‘प्रिंट’ लिहिलं, एकदा ‘रिटर्न’. दोन्ही वेळा ‘चहा टाक गं’ हे वाक्य समोर हजर! फरक इतकाच की रिटर्नवाल्याच्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं लटकलेली, आणि प्रिंटवालं स्वच्छ. आता मी पडले भाषेची बाई. वह्या तपासण्यात जन्म गेला, उगाचची चिन्हं दिसली की माझा हात लाल पेनाकडे जातो. मी म्हटलं, एकच तर काम करतात दोन्ही, मग नीटनेटकं ते ठेवू. रिटर्न खोडलं, प्रिंट ठेवलं. शिकवणाऱ्या मुलीला दाखवलं, तिने स्क्रीनवर वाक्य बघितलं आणि मान डोलावली. फोनवरची रेकॉर्डिंग उतरवून घेतली होती घरच्या लॅपटॉपवर, वाजवायचं कामही तिथेच, ते तिला दिसणार तरी कसं.

त्या दिवशी मी येताना बाड्यावरच्या बाजारातून गजक, आमच्या इकडची तिळाची वडी, घेऊन आले. थंडी होती, हे पुढच्या खोलीत शाल गुंडाळून बसले होते. लॅपटॉप यांच्यासमोर ठेवला, बोट धरून दाखवलं की इथे शब्द लिहायचा आणि हे बटण दाबायचं. यांनी एका बोटाने ‘चहा’ लिहिलं. स्क्रीनवर आलं, चहा टाक गं. आणि स्पीकरमधून खणखणीत आवाज आला, "काही नाही!"

अगं आई गं! माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. कित्येक महिन्यांनी तो आवाज त्या खोलीत घुमला होता. पहिला शब्द काय, तर हाच. आम्ही दोघं हसायला लागलो, हसता हसता माझे डोळे भरून आले. यांनी ‘पाणी’ लिहिलं. स्क्रीनवर बरोबर आलं, पाणी दे. स्पीकर म्हणाला, "काही नाही!" यांनी मांडीवर थाप मारली. ‘कोण’ लिहिलं, तरी "काही नाही!" मी म्हटलं, अहो, हा तर तुमच्यावर सवाई निघाला.

मग यांनी थोडं थांबून ‘दुख’ लिहिलं.

स्क्रीनवर अक्षरं आली, दुखतंय. आणि त्याच क्षणाला, त्याच दणदणीत आवाजात, "काही नाही!"

यावेळी हे हसले नाहीत. मीही नाही. ते दोन शब्द स्क्रीनवरच्या त्या एका शब्दाला पार झाकून गेले. गेली सगळी वर्षं माझ्यासमोर हेच तर चाललं होतं, फक्त तो वरचा शब्द तेव्हा मला दिसत नव्हता. मी विचारलं, "खरंच दुखतंय का? कुठे?" यांनी हात हलवला, शाल ओढून घेतली आणि गजकचा तुकडा तोंडात टाकला. आता याचा अर्थ काय लावायचा? नुसती तपासणी केली यंत्राची, की खरंच सांगायचं होतं? यांच्या चेहऱ्यावरून कधी कोणाला काही कळलंय?

दुसऱ्या दिवशी मी तणतणत क्लासला गेले. चप्पल काढायच्या आधीच सुरू केलं, "मॅडम, आपका पायथन झूठ बोलता है." सगळी मुलं वळून बघायला लागली. शांतपणे तिने खुर्ची ओढली, माझं लिहिलेलं वाचलं आणि कुठेही बोट ठेवलं नाही. म्हणाली, "आंटीजी, आज शोध से जो मिले, उसको एक नाम देकर रख लीजिए. एक डिब्बे में."

मी तसं लिहिलं. डब्याला ‘डबा’ असंच नाव दिलं. ‘शोध’ला हाक मारली, शब्द दिला ‘चहा’. समोर वाक्य आलं, चहा टाक गं. मी म्हटलं, "देखिए, बराबर है ना?"

"अब डिब्बे को प्रिंट करके खोलिए."

डबा उघडला. त्यात लिहिलेलं होतं, नन.

"नन मतलब?"

"कुछ नहीं," ती म्हणाली.

मी त्या शब्दाकडे बघतच राहिले. म्हणजे माझ्या ‘शोध’ने काम चोख केलं होतं. योग्य वाक्य शोधलं होतं, चारचौघांना दिसेल असं मोठ्याने दाखवलंही होतं. पण देताना मात्र हात रिकामे. ‘वाजव’ बिचारी हात पसरून उभी, तिच्या हातात काहीच पडलं नाही. मग मीच तिला शिकवून ठेवलं होतं ना, काहीच मिळालं नाही तर ‘काही नाही’ म्हण? तिने ते म्हटलं. खोटं कोणीच बोललं नव्हतं.

आमच्याकडे लग्नामुंजीत अजून माइकवर आहेर पुकारायची पद्धत आहे. मामांकडून पैठणी, सगळ्या हॉलला ऐकू जातं, टाळ्या पडतात. आणि एखादे वेळी पिशवी मामांच्या गाडीतच राहते. नवरी बिचारी घरी जाऊन बघते तर पैठणी नाही. हॉलभर सगळे शपथेवर सांगतील की पैठणी दिली. मी हे त्या मुलीला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, "बस, यही है. प्रिंट देखने वाले के लिए है. रिटर्न उसके लिए, जिसने बुलाया."

मग तिने मला प्रिंट खोडून रिटर्न लिहायला लावलं. एवढा एकच शब्द बदलला. पुन्हा डबा आणि ‘शोध’ची ओळ लिहिली, बटण दाबलं. स्क्रीनवर काहीही आलं नाही. एक अक्षर नाही. नुसती लुकलुकणारी रेघ. मी म्हटलं, "लो, अब तो बोलना भी बंद हो गया." तिने डब्याकडे बोट दाखवलं. मी नुसतं त्याचं नाव लिहून डबा उघडला. ‘चहा टाक गं.’ दोन्ही बाजूंना माझी ती नावडती अवतरणचिन्हं, जिथल्या तिथे.

मला काय झालं ते नीट सांगता येत नाही. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, नातवंडं व्हायच्या वयात, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत बसलेली आणि अंगावर रोमांच आलेले. काम झालं होतं, सगळं काम, आणि बाहेर त्याचा मागमूस नाही. ना गाजावाजा, ना दाखवणं. मूठ मिटून गुपचूप हातात आणून ठेवलेलं. आता मी ते वाजवू शकत होते, दुसऱ्या मेथडला देऊ शकत होते, हवं तेव्हा पुन्हा काढू शकत होते. प्रिंट केलेलं वाक्य तिथेच डोळ्यांपुढे संपलं होतं, त्याला पुढे कुठे जाताच येत नव्हतं. आणि ती चिन्हं! मी कचरा म्हणून झाडून टाकली होती ती. ती सांगत होती की ही खरीखुरी वस्तू आहे, हातात धर. काळ्या खिडकीत दोन्ही सारखं दिसतं म्हणून मी दोन्ही एकच समजले होते. मी म्हटलं, "मॅडम, किसने सोचा होगा ये?" ती खांदे उडवून म्हणाली, "पता नहीं आंटीजी, पर सोचा अच्छा है."

ई-रिक्षात बसून घरी येताना मला सारखं हसू येत होतं, आणि बाजूची बाई माझ्याकडे संशयाने बघत होती.

घरी आल्यावर तो एक शब्द बदलला. लॅपटॉप यांच्यासमोर ठेवला, म्हटलं, आता बघा, स्क्रीनवर काही दिसणार नाही, घाबरू नका. आणि मी मुद्दाम स्वयंपाकघरात गेले. तिथून स्क्रीन दिसतच नाही. मला बघायचं नव्हतं, ऐकायचं होतं. ओट्याला धरून उभी राहिले. एका बोटाने टाइप करणारा माणूस, वेळ लागणारच.

"चहा टाक गं!"

देवा रे. तो आवाज भिंत ओलांडून, दार ओलांडून, जसा आजवर यायचा तसाच आला, मला शोधत आला. मी पाठमोरी होते तरी आला. मी तिथूनच ओरडले, "टाकते!" आणि ओरडल्यावर लक्षात आलं की किती दिवसांनी या घरात कोणीतरी कोणाला उत्तर दिलंय. चहात साखर घालायची का डोळ्यांतलं पाणी पुसायचं, काही सुचेना.

मग काय, यांना खेळणंच मिळालं. "कोण आलंय?" म्हणून गल्लीतल्या भाजीवाल्याला विचारलं, तर तो ठेला सोडून वर बघायला लागला, "अरे, भैयाजी ठीक हो गए क्या?" संध्याकाळी आमच्या गच्चीवर माकड आलं, त्याच्यासाठी दुसरं काही सापडेना म्हणून लॅपटॉप घेऊन जिन्यात उभे राहिले आणि त्याला म्हणाले, "औषध झालं का?" माकड पळालं. मी जिन्याच्या पायरीवर बसून हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला आमचं घर आमचं वाटलं.

‘दुख’ मात्र यांनी लिहिलं नाही. मी वाट बघायची, आणि घाबरायचीही. ती रेकॉर्डिंग मी अजून ऐकलेलीच नव्हती. तिच्या नावाची फाइल होती, पण आत यांनी काय बोलून ठेवलं असेल, का नुसतीच रिकामी ठेवली असेल, कोण जाणे. उघडून बघावं असं खूप वाटायचं. पण मनाने घेतलं होतं की ते ऐकायचं असेल तर यांनी दिलं तरच ऐकायचं.

त्यानंतर एका दुपारी मी भाकरी थापत होते. तवा तापलेला, हात पिठाने भरलेले, पुढच्या खोलीकडे पाठ.

"दुखतंय गं."

मी आधी ओळखलाच नाही तो आवाज. यांचाच, पण मी कधीच न ऐकलेला. लहान, सावकाश, दार लावलेल्या खोलीत कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने बोललेला. आणि तो ‘गं’! मी नुसतं ‘दुखतंय’ लिहिलं होतं. तो ‘गं’ यांनी स्वतःहून घातला होता, आवाज जायच्या आधी, माझ्यासाठी ठेवून दिला होता. संसार होऊन गेला आमचा, मुलगा मोठा होऊन घराबाहेर पडला, आणि हा शब्द या माणसाच्या तोंडून मी आज पहिल्यांदा ऐकत होते. एवढासा शब्द, आणि तो माझ्यापर्यंत यायला काय काय लागलं होतं.

गॅस बंद करून मी तशीच पिठाच्या हातांनी गेले. हे डावा खांदा धरून बसले होते. मानेतून ऑपरेशन झालेलं, तो खांदा उचलताना त्रास होतो, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. व्यायामाने बरं होण्यातलं दुखणं ते, पण सांगितलं तर ना. मी खांद्यावर हात ठेवला. यांनी तो काढून टाकला नाही, उलट माझा हात धरून थोडा मागे सरकवला, नेमका जिथे दुखत होतं तिथे.

"कधीपासून दुखतंय हो?"

यांनी लॅपटॉपकडे हात नेला. काहीतरी बराच वेळ टाइप केलं. काय ते मी पाहिलं नाही, माझं लक्ष खांद्याकडे होतं. पण ‘कधीपासून’चं उत्तर आम्ही रेकॉर्ड केलेलंच नव्हतं, म्हणजे ‘शोध’ला काही सापडणार नव्हतं आणि पुढे काय होणार ते मला ठाऊक होतं. तेच झालं. स्पीकरमधून तो जुना, दणदणीत, गच्चीवरची माकडं पळवणारा आवाज आला, "काही नाही!"

यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही. पुन्हा हलवली, जोराने. आणि मग एका बोटाने, एकेक अक्षर बघून, पुन्हा ‘दुख’ लिहिलं.